काचघरातला मार्च

मार्च उजाडला की आमच्या इमारतीतला आवाज कमी होतो. खालच्या अंगणातलं क्रिकेट थांबतं, चौथ्या मजल्यावरचा तबला थांबतो, आणि लिफ्टमध्ये भेटणारी मुलं ओठ हलवत उभी असतात. परवा सहाव्या मजल्यावरची सानिका भेटली. ती बारावीला आहे. हातात रसायनशास्त्राचं जर्नल, डोळे मिटलेले. "सिल्व्हर नायट्रेट टाकलं की कर्डी व्हाइट प्रेसिपिटेट, म्हणजे क्लोराइड," असं ती स्वतःशीच घोकत होती. मला पाहून ओशाळली आणि म्हणाली, "मावशी, एवढं एकच लक्षात राहत नाही बघा." मी म्हणाले, "राहील गं." माझा मजला आला. मी बाहेर पडले आणि दारासमोर किल्ली हातात घेऊन बराच वेळ नुसती उभी राहिले.

बारावीचं बाकी सगळं रसायनशास्त्र मी विसरले आहे, तेवढं एकच लक्षात राहिलं आहे. परीक्षानळीतलं नितळ पाणी, त्यात पडलेला थेंब, आणि दही विरजावं तसा खाली बसत गेलेला पांढरा साका. शहाऐंशी साल होतं. ते पाणी आमच्या विहिरीचं होतं.

बोरिवलीला पश्चिमेकडे, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमची नर्सरी होती. फाटकावर बाबांनी हौसेने रंगवून घेतलेली पाटी होती, पण पाटीवरचं नाव कुणी घेत नसे. पोस्टमनपासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळे 'काचवाल्यांची वाडी' म्हणायचे, कारण रोपांच्या वाफ्यांच्या मधोमध बाबांचं काचघर होतं. बाबा कुडाळकडचे. मुंबईला आले ते अंधेरीच्या एका बंगल्यावर माळी म्हणून. त्या बंगल्यातल्या शेठाणीला फर्नचं वेड होतं आणि फर्न वाढवायला तिने मागच्या अंगणात काचेची एक खोली बांधून घेतली होती. बाबा तिथेच सगळं शिकले. पुढे शेठाणी वारली, बंगला पाडायचा ठरला. बाकीच्या नोकरांनी सागवान मागितलं, बाबांनी खिडक्यांच्या काचा आणि शेठाणीच्या फर्नच्या अकरा कुंड्या मागितल्या.

त्यानंतरची कित्येक वर्षं अंधेरी-पार्ल्याला कुठे जुना बंगला पडतोय असं कानावर आलं की बाबा हातगाडी घेऊन तिथे पोचायचे. म्हणून आमच्या काचघरात एका काचेसारखी दुसरी काच नव्हती. कुणाच्या देवघराची निळी, कुणाच्या न्हाणीघराची दाणेदार, कुणाच्या दिवाणखान्यातली कडेने वेलबुट्टी कोरलेली. सकाळी नऊच्या सुमाराला ऊन आत यायचं ते तुकड्यातुकड्यांनी, आणि बेगोनियाच्या एकाच पानावर एक निळा आणि एक पिवळा डाग पडायचा. उन्हाळ्यात छपरावर गोणपाटं घालायची आणि ती दिवसातून तीनदा भिजवायची. ते काम माझं. भिजलेल्या गोणपाटाचा, शेणखताचा, नारळाच्या सोडणांचा मिळून एक वास तिथे भरून राहिलेला असायचा. तो केसांत बसायचा. कॉलेजात माझ्या शेजारी बसणारी मुलगी एकदा म्हणाली, "नंदा, तुझ्या केसांना ओल्या मातीचा वास येतो." तिला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. मी त्या दिवसापासून रोज डोकं धुवायला लागले.

जागा आमची नव्हती. ती मार्थाबाईची, गावठाणातल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या जुन्या ख्रिस्ती समाजातल्या, म्हातारीची. लाल चौकड्यांचं लुगडं नेसून, काठी टेकत ती आठवड्यातून एकदा यायची, काचघराच्या दाराशी स्टुलावर बसायची आणि आईच्या हातचा चहा प्यायची. तिच्या लहानपणी तिथे नुसती भातखाचरं होती, पुढे ताडांची रांग, त्यापुढे मिठागरं, मग तिवरं आणि खाडी. वाडीतली विहीर तिच्या सासऱ्याने खणलेली. मी शाळेत असताना तिने मला विहिरीच्या काठावर उभं करून दाखवलं होतं. आत उतरायला दगडी पायऱ्या होत्या.

"खालच्या तीन पायऱ्या कदी उगड्या पडू द्यायच्या नाय," ती म्हणाली. "खाडी हतं पाठीमागंच हाय. खाली खारं पानी, त्याच्यावर गोडं पानी तरंगते, दुधावरच्या सायीसारखं. साय सगली काढली तर खाली काय ऱ्हाते?"

बाबांनी पंधरा वर्षं तो नियम पाळला. पावसाने ओढ दिली तर ते गुलाबांचं पाणी तोडायचे, पण तिसरी पायरी बुडालेली ठेवायचे. त्या पाण्याची चव अजून माझ्या जिभेवर आहे असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. गोड्या पाण्याला चव नसते. ती गेल्यावरच कळते.

मग आमच्या आजूबाजूचं सगळं बदलायला लागलं, आणि ते इतकं भराभर की सांगायला क्रम लागत नाही. भातखाचरांत भराव पडला. ताड गेले. शाळेतून येताना एका वर्षी जिथे बेडूक ओरडायचे तिथे दुसऱ्या वर्षी वाळूचे ढीग होते आणि तिसऱ्या वर्षी गॅलऱ्यांतून साड्या वाळत होत्या. गच्च्यांवर अँटेना उगवल्या. गिरणगावातून, गिरगावातून, परळमधून माणसं येत होती, चाळीतली खोली विकून इथे ब्लॉक घेत होती. त्यांना कुंडीत काहीतरी लावायचं असायचं. कोकणातून आलेली बाई तुळस मागायची, मग हळूच विचारायची, "अनंताचं रोप आहे का हो? आमच्या दारात होतं." ती वर्षं आमच्या भरभराटीची होती. आम्हाला पुढे मारणारे ब्लॉक आणि आम्हाला जगवणारी माणसं एकाच ट्रकमधून येत होती, आणि ते आम्हाला दिसत नव्हतं.

मी दहावी झाले त्या वर्षी आमच्या कुंपणाला लागून चार इमारतींचं काम सुरू झालं. बिल्डरचा एक सुपरवायझर यायचा. सफारीतला, मऊ बोलणारा माणूस. त्याला बांधकामाला पाणी हवं होतं, बोअरिंगचं पुरत नव्हतं. मार्थाबाईच्या मुलांनी त्याला होकार दिलाच होता, पण विहिरीवरचा पंप बाबांचा होता आणि बाबा नाही म्हणाले असते तर ते तिथेच थांबलं असतं.

"वासूकाका," तो म्हणाला, "दोन वर्षांचा प्रश्न आहे. पुढे चारही बिल्डिंगच्या बागा तुम्हीच करायच्या. गेटपासून गच्चीपर्यंत. माझा शब्द."

त्या संध्याकाळी आई चुलीपाशी बसून म्हणाली, "तीन पायऱ्यो बुडलेल्यो रवाक व्हयो, असां म्हातारी सांगता मां? मगे?"

"दोनच वर्षां गो," बाबा म्हणाले. "चार बागो म्हणजे काय ता तुका ठावूक नाय. काचघर दुप्पट करतलंय."

आई पुढे बोलली नाही. आमच्या घरात कुणी पुढे बोलत नसे. बाबांच्या डोळ्यांत त्या वेळी जे होतं तो लोभ नव्हता, निदान मला तसं वाटलं नाही. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या पडलेल्या घरांच्या काचा गोळा करणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी उभ्या राहणाऱ्या घरात काहीतरी करायला बोलावलं होतं.

दोन वर्षं आमच्या विहिरीचं पाणी त्या भिंतींत जिरलं. दुसऱ्या उन्हाळ्यात तिसरी पायरी उघडी पडली, मग तिच्याखालचा कातळ. शेवाळ वाळून काळं झालं. मार्थाबाई काठावर उभी राहून बघत राहिली, आणि चहा न पिता गेली.

आता त्या हिवाळ्याबद्दल सांगते. मी बारावीला होते. आमच्याकडे सुमनबाई कामाला असायच्या. जालन्याकडच्या, दुष्काळात माणसं मुंबईकडे आली तेव्हा नवऱ्याबरोबर आलेल्या. रस्त्यापलीकडच्या वस्तीत त्यांची खोली होती, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि दारात आमच्याकडून नेलेली मोगऱ्याची दोन रोपं. बोटं इतकी हलकी की दोन पानांचं रोप उचलून दुसऱ्या कुंडीत लावलं तरी रोपाला कळायचं नाही. बाबांना त्या दादा म्हणायच्या आणि बाबांना झाडांबद्दल कुणाचं ऐकायचं असेल तर ते फक्त त्यांचं.

जानेवारीत फर्नच्या पात्यांची टोकं करपायला लागली. कुणी टोकाला टोकाला उदबत्ती लावावी तशी. मग कुंड्यांच्या बाहेरच्या अंगावर पांढरी बुरशीसारखी पावडर फुटली. बेगोनियाची पानं कडेने तपकिरी झाली. मी अभ्यासाच्या टेबलावरून, खिडकीतून सगळं बघत होते. सुमनबाई सकाळी आल्या की आधी काथ्याच्या चोयट्याने कुंड्या घासत बसायला लागल्या, एकेक कुंडी, लाल दिसेपर्यंत. पूर्वी त्या असं कधी करत नसत. आई रस्त्यावरच्या नळावरून पिण्याचं पाणी आणायला लागली. विचारलं तर म्हणाली, "विहिरीत गाळ इलोहा." आणि बाबा. बाबा पहाटे चहाच्या आधी काचघरात जायचे, आणि मी अभ्यासाला उठलेली असल्यामुळे मला कात्रीचा आवाज ऐकू यायचा. ते करपलेल्या पात्यांच्या कडा कातरत असायचे. उजाडेपर्यंत फर्न पुन्हा हिरवे दिसायचे, फक्त दररोज थोडे लहान.

त्याच दिवसांत मार्थाबाई आली होती. स्टुलावर बसून तिने बाबांना सांगितलं की तिची मुलं ही जागा फार दिवस ठेवणार नाहीत. "माज्या भैनीची वाडी हाय मनोरीला. पानी गोडं. ती बोलली, वासूला देते कसायला. रोपं नेयाची तर होळीच्या आदी ने. नंतर तिच्याकडं दुसरं मानूस हाय."

बाबा म्हणाले, "नंदाची परीक्षा होऊ दे, बाई. मग बघू."

ते मी ऐकलं. खिडकी उघडी होती.

कॉलेजात प्रॅक्टिकलची तयारी चालू होती. एका सकाळी मी शाईच्या रिकाम्या बाटलीत विहिरीचं पाणी भरलं आणि दप्तरात टाकलं. का ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. प्रयोगशाळेत सगळ्या आपापला क्षार ओळखण्यात गुंतलेल्या असताना मी नळीत ते पाणी घेतलं आणि वर सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. नळाचं पाणी थोडं दुधट होतंच, हे मला माहीत होतं. हे दुधट झालं नाही. त्याचं दही झालं. ते खाडीचं मीठ होतं. शेजारची मुलगी नळीकडे बघून म्हणाली, "झकास ना, तुला सोपं आलं, क्लोराइड." मी हो म्हटलं. नळी धुतली. बाटली बेसिनमध्ये ओतली.

घरी जाऊन मी काही बोलले नाही.

मी स्वतःला इतक्या वर्षांत पुष्कळ कारणं दिली आहेत. परीक्षा होती, मी सतरा वर्षांची होते, बाबांना दुःख झालं असतं. खरं कारण वेगळं आहे आणि ते लिहून ठेवावं म्हणूनच मी हे लिहायला घेतलं असावं. कुंपणापलीकडच्या त्या चार इमारतींतल्या एकीत, दुसऱ्या मजल्यावर, माझ्या वर्गातली एक मुलगी राहायला आली होती. तिच्या घरात पांढऱ्या टाइल्सची न्हाणी होती. तिच्या तळव्यांना भेगा नव्हत्या. तिच्या गॅलरीतून आमचं काचघर दिसायचं, गोणपाटं टाकलेलं, आणि छपरावर चढून ती भिजवणारी मीही दिसायचे. मला ते सगळं संपायला हवं होतं. मनोरीला जाऊन, होडीने ये-जा करत, पुन्हा खत-मातीत नव्याने सुरुवात करायची कल्पनाच मला सहन होत नव्हती. त्या नळीत पांढरा साका बसताना मला भीती वाटली हे खरं आहे. पण भीतीच्या खाली, पाण्याखाली पाणी असावं तसं, मला हलकं वाटलं होतं.

मी पाठांतर करत राहिले. गोणपाटं भिजवत राहिले. त्याच पाण्याने. मार्चमध्ये ऊन तापलं आणि झाडं जास्त पाणी मागायला लागली, आणि आम्ही त्यांना जास्त पाणी देत गेलो. क्रोटनची पानं गळाली, सबंध, एका आठवड्यात, आणि काचघराच्या जमिनीवर लाल-पिवळा थर साचला. तो एवढा सुंदर दिसत होता की एक गिऱ्हाईक बाई दारात थांबून बघत राहिली. वाफ्यांतली झिनियाची रोपं माना टाकून आडवी झाली. शेठाणीच्या अकरा कुंड्या बाबांनी आतल्या कोपऱ्यात सरकवल्या होत्या, आणि त्यांना आई आणते त्या नळाच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी ते घालत होते. मी एकदा ते पाहिलं. त्यांनी मला पाहिलेलं मला दिसलं. दोघांनीही दुसरीकडे बघितलं.

होळी आली आणि गेली. वस्तीतल्या मुलांनी आमच्याकडचे सुकलेले बांबू मागून नेले, बाबांनी ते हसून दिले. होळीच्या रात्रीची राख दुसऱ्या दिवशी वाऱ्याने उडून काचांवर बसली आणि ती पुसायला कुणी उठलं नाही.

शेवटचा पेपर जीवशास्त्राचा होता. दुपारी घरी आले तर बाबा काचघरात उपड्या कुंडीवर बसले होते. आतलं ऊन पांढरं होतं, कारण अडवायला पानंच राहिली नव्हती.

"कसो गेलो?"

"बरा गेला."

"सगळे पेपर झाले मां?"

"झाले, बाबा."

त्यांनी मान हलवली. मग आईला हाक मारली, सुमनबाईंना बोलावलं. आम्ही तिघी दाराशी उभ्या राहिलो. बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "आता सांगूक हरकत नाय. विहिरीचा पाणी खारा झालाहा. माझ्याच हातान झाला. बायची परीक्षा होती म्हणान मी कोणाक सांगूक नाय."

आई पदराच्या टोकाला पीळ देत राहिली. मग म्हणाली, "माका संक्रांतीपासून ठावूक आसा. तिळगुळाचो पाक केलंय तेव्हाच चव लागली. तुमका वायट वाटात म्हणान गाळ इलो सांगलंय."

"अन् मी?" सुमनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मी त्यांना तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "मी दादाला पौषातच सांगितलं, पानी फिरलं हाय म्हणून. आमच्याकडं विहीर आटती, दादा, इथली फिरती. तुम्ही म्हनाले, बाईला अन् पोरीला कळू देऊ नका. म्हणून मी कुंड्या घासत बसले. तीन महिने मिठाच्या कुंड्या घासल्या म्या."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. पहाटे कात्री, सकाळी चोयटा, दुपारी नळावरची कळशी. एकाच घरातली माणसं एकाच मरणाची चाहूल एकमेकांपासून लपवत होती, आणि त्या लपवाछपवीतली बरीचशी माझ्यासाठी चालली होती.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुका ह्यातला काय म्हायत नव्हता, ता बरा झाला," ते म्हणाले.

त्या वेळी बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी तोंडावर हात ठेवला, जसं एखादी वाईट बातमी पहिल्यांदा ऐकणारा माणूस ठेवतो, आणि म्हणाले, "बाबा, हे कधी झालं?"

बाबा उठून माझ्याजवळ आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून मलाच समजावत बसले.

होळी उलटून गेली होती, तरी चार दिवसांनी आम्ही मनोरीला निघालो. वाचलेल्या चाळीसेक कुंड्या टेम्पोत घातल्या, शेठाणीच्या अकरांपैकी चार होत्या त्यांत. मार्वे जेटीवर त्या एकेक करून होडीत चढवल्या. खाडी वाऱ्यावर होती. पाण्याचे तुषार उडायला लागले तसे बाबांनी अंगातला सदरा काढून फर्नवर घातला आणि बनियनवर, कुंड्यांना पाठ लावून बसून राहिले. पलीकडे उतरल्यावर मार्थाबाईची बहीण जेटीवरच भेटली. कुणीतरी निरोप पोचवला होता. ती बाबांना बाजूला घेऊन हळू आवाजात बोलली, पण तिथे ऐकू न येण्यासारखं काही नव्हतं.

"वासू, होळीपर्यंत वाट पायली. मग दिली जागा. सुट्टीवाल्यांच्या खोल्या बांधायच्या हायत त्यांना. मी मार्थाला बोलली होती ना."

"बोललात, बाई," बाबा म्हणाले. "चूक तुमची नाय."

परतीच्या होडीला अवकाश होता. बाबा कुंड्यांशेजारी उभे राहिले. मासळीच्या पाट्या घेऊन कोळणी होडीची वाट बघत होत्या. त्यांतली एक जवळ आली, कुंडीतल्या फर्नला बोट लावून म्हणाली, "इकतंस काय रं?"

"विकत नाय," बाबा म्हणाले. "घेऊन जा."

तिला आधी खरं वाटेना. मग तिने एक उचलली. मग दुसरी आली, मग मनोरी गावातल्या दोन बाया, मग होडीवाल्याचा म्हातारा बाप. अर्ध्या तासात जेटी मोकळी झाली. पहिल्या कोळणीने जाता जाता विचारलं, "पानी किती घालू?"

"रोज थोडा," बाबा म्हणाले. आणि जरा थांबून, "पिऊचा पाणी घाल."

येताना होडीत माझ्या शेजारी रिकामी जागा होती. बाबांचा ओला सदरा त्यांच्या मांडीवर होता. त्यांनी तो घातला नाही.

जूनमध्ये पाऊस आला आणि महिनाभरात विहिरीचं वरचं पाणी पुन्हा गोडं झालं. तिच्या काठावर उभं राहून सुमनबाई म्हणाल्या, "आता आलं बघा." पण कलम करायला फांदी नव्हती, फुटवा काढायला मूळ नव्हतं. निकाल लागला. मला रसायनशास्त्रात सगळ्यांत जास्त गुण होते. बाबांनी वस्तीत, गावठाणात, कुंपणापलीकडच्या चारही इमारतींत पेढे वाटले. त्या इमारतींच्या आवारात तोवर फरशा बसल्या होत्या. बाग म्हणून गेटजवळ दोन हात रुंदीची एक पट्टी ठेवली होती. सुपरवायझर दुसऱ्या साइटवर गेला होता.

पुढच्या वर्षी मार्थाबाई गेली, आणि त्यानंतर लगेच जागा. काचघर उतरवायला माणसं आली तेव्हा बाबा दिवसभर गावठाणाच्या तळ्याशी जाऊन बसले. सुमनबाई मानखुर्दला मुलीकडे राहायला गेल्या. आम्हाला मागच्या गल्लीत एक खोली मिळाली, पांढऱ्या टाइल्सच्या न्हाणीची. मला जे हवं होतं ते मला मिळालं.

बाबांनी त्याच चार इमारतींत माळ्याचं काम धरलं. ती दोन हातांची पट्टी, आणि लोकांच्या गॅलऱ्यांतल्या कुंड्या. मी बँकेत लागले होते. एका संध्याकाळी कामावरून येताना त्यांना घ्यायला मी तिथे थांबले. ते पाइप गुंडाळत होते. तळमजल्यावरच्या एक बाई कुंडी घेऊन बाहेर आल्या. नवीन आणलेलं फर्न होतं. "माळी," त्या म्हणाल्या, "दुकानदाराने नाव सांगितलं होतं, मी विसरले. हे कुठलं हो?"

बाबांनी पातं उलटून खालचे तपकिरी ठिपके बघितले. मग पातं हलकेच सरळ केलं. ते फर्न शेठाणीच्या अकरांतल्याच एका जातीचं होतं. मला ते रस्त्यावरून ओळखू आलं होतं.

"माहीत नाही, बाई," ते म्हणाले.

गेटबाहेर आल्यावर मी विचारलं, "बाबा, सांगितलं का नाही? तुम्हाला तर माहीत आहे."

ते चालत राहिले. रस्ता ओलांडल्यावर म्हणाले, "नाव सांगितला की लोक इचारतत, तुमका कसा ठावूक. मगे सगळा पहिल्यापासून सांगूचा लागता."

मी त्यांच्या खांद्यावरचा पाइप माझ्या खांद्यावर घेतला.